अंगावरून वारं जाण्याआधी

(सोसायटीच्या रौप्यमहोत्सवी वर्षानिमित्त झालेल्या आरोग्यविषयक व्याख्यानाचा संपादित मजकूर)



इमारतीला पंधरा वर्षं झाली की उपविधीप्रमाणे स्ट्रक्चरल ऑडिट करावं लागतं. आपली इमारत पंचविशीची झाली, म्हणजे कर्ज काढून चाळिशीत ज्यांनी इथं फ्लॅट घेतला ते आज पासष्टीला आले. कॉलमला तडा गेला तर जनरल बॉडीत दोन तास चर्चा होते. माणसाच्या आतल्या नळ्यांचं ऑडिट कोण करतं? म्हणून आज विषय घेतलाय पक्षाघाताचा. आपल्या ओतूरकडच्या भाषेत अंगावरून वारं जाणं, लकवा मारणं.

नाव वाऱ्याचं असलं तरी वाऱ्याचा यात काही संबंध नाही. मेंदूला रक्त नेणारी नळी गुठळीनं बंद पडते, नाहीतर फुटते. शंभरातल्या ऐंशीच्या आसपास रुग्णांत गुठळी असते, बाकीच्यांत रक्तस्राव. हृदयाच्या नळीत गुठळी झाली की हार्ट अटॅक. दोघांची मुळं जवळजवळ तीच: वाढलेलं बीपी, साखर, तंबाखू, चरबी आणि वय. वय सोडलं तर बाकी सगळ्यावर काहीतरी करता येतं.

हा शहरातल्या श्रीमंतांचा आजार आहे, असं अजून पुष्कळांना वाटतं. गडचिरोलीत डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांच्या ‘सर्च’ संस्थेनं २०११ ते २०१३ या काळात ८६ गावांतल्या मृत्यूंची कारणं तपासली. धान पिकवणारी, कष्टाची माणसं. तिथं मृत्यूचं पहिल्या क्रमांकाचं कारण निघालं पक्षाघात. दर सात मृत्यूंमागे एक. आणि त्यातले बहुतेक जण घरीच गेले, दवाखान्यापर्यंत पोचलेच नाहीत. तेव्हा ‘मी रोज कांद्याच्या वावरात राबतो, मला कशाचं बीपी’ हे म्हणणं सोडून द्या.

बीपीची अडचण अशी की ते दुखत नाही. दाढ दुखली की आपण रात्री बाराला डॉक्टरला उठवतो. बीपी १७०/१०० असताना माणूस लग्नाच्या पंगतीत वाढत असतो. डोकं दुखेल, चक्कर येईल मग बघू, असं म्हणणाऱ्याला पहिलं लक्षण कित्येकदा थेट वाकड्या तोंडाचंच दिसतं. म्हणून तिशीनंतर प्रत्येकानं बीपी आणि साखर तपासायची. प्राथमिक आरोग्य केंद्रात, उपकेंद्रात ही तपासणी फुकट होते. आशाताई फॉर्म घेऊन दारात येते, तेव्हा ‘आमच्याकडे सगळे बरे आहेत’ म्हणून तिला परत पाठवू नका.

मोजायचीही एक रीत आहे. तीन जिने चढून आल्या-आल्या मोजू नका. पाच मिनिटं पाठ टेकून बसा, पाय जमिनीवर, हात छातीच्या पातळीला टेकवलेला, पट्टा उघड्या दंडावर. अर्धा तास आधी चहा नको, तंबाखू नको. आणि मोजताना गप्प बसायचं. हे सगळ्यांत अवघड. एकदा जास्त आलं म्हणून घाबरायचं नाही, वेगवेगळ्या दिवशी पुन्हा मोजायचं. १४०/९० किंवा त्यापुढं राहत असेल तर उपचार लागतात.

आता गोळ्यांबद्दल जरा सविस्तर बोलतो, कारण खरी गळती तिथं आहे. २०१८ च्या सुमाराला आपल्या राज्यात सातारा, सिंधुदुर्ग, भंडारा आणि वर्धा या जिल्ह्यांत उच्च रक्तदाब नियंत्रणाचा सरकारी उपक्रम सुरू झाला. त्यात नवीन शोध काही नव्हता. सगळीकडे एकच साधी उपचारपद्धत: आधी अम्लोडिपिन, महिन्यानं बीपी आटोक्यात नसेल तर टेल्मिसार्टन जोडायची, तरी नसेल तर डोस वाढवायचा. औषध एका वेळी तीस दिवसांचं द्यायचं, म्हणजे माणसाला सारखी रोजंदारी बुडवावी लागत नाही. आणि ठरल्या दिवशी जो आला नाही त्याला फोन करायचा. माझ्या मते सगळ्यांत मोलाचं औषध तो फोन आहे.

कारण होतं काय, महिनाभर गोळी घेतली, बीपी १३०/८० आलं, की माणूस म्हणतो ‘नॉर्मल झालं, बंद केली’. अहो, ते गोळीमुळं नॉर्मल आहे! पावसात छत्री उघडल्यावर डोकं कोरडं राहिलं, म्हणून कोणी छत्री मिटतं का? ‘सवय लागते’ ही दुसरी तक्रार. सवय लागत नाही, गरज असते. वरचं बीपी दहानं उतरलं तरी पक्षाघाताचा धोका सुमारे चतुर्थांशानं कमी होतो. पायाला सूज आली, कोरडा खोकला लागला तर डॉक्टरला सांगून गोळी बदलून घ्या. परस्पर बंद करू नका.

जडीबुटीवाले नेहमी विचारतात म्हणून एक सांगतो. मुंबईच्या डॉ. रुस्तम जाल वकील यांनी १९४९ मध्ये सर्पगंधेचा बीपीवरचा परिणाम ब्रिटिश वैद्यकीय नियतकालिकात मांडला आणि जगभर नाव झालं. म्हणजे आपल्या वनस्पतीत गुण होताच. पण त्यांनी तो रुग्णांवर मोजून दाखवला. कोणी न मोजता पुडी देत असेल तर त्याला एवढंच विचारा, आधी किती होतं, नंतर किती झालं?

मीठ दिवसाला माणशी पाच ग्रॅमपेक्षा कमी, म्हणजे सपाट एक चमचा, त्यात स्वयंपाकातलंही आलं. मासवडी खा, पण सोबत पापड, लोणचं, खारवलेली मिरची असं सगळं एकाच ताटात नको. तंबाखूत मिसरीही येते, हे बायकांना सांगावं लागतं. गुटखा राज्यात २०१२ पासून बंद आहे, कागदावर. आणखी एक, कंबर-गुडघ्यासाठी मेडिकलमधून परस्पर घेतलेल्या वेदनाशामक गोळ्या बीपी वाढवतात. हे फारसं कोणाला ठाऊक नसतं.

आता प्रसंग आलाच तर. तोंड एका बाजूला ओढलं, एक हात उचलता येईना, बोलणं अडखळलं: यातलं एक जरी अचानक झालं तरी घड्याळ बघा आणि १०८ लावा. दर मिनिटाला मेंदूच्या सुमारे १९ लाख पेशी मरतात. गुठळी विरघळवणारं इंजेक्शन साडेचार तासांच्या आत द्यावं लागतं, तेही सीटी स्कॅन काढून रक्तस्राव नाही याची खात्री झाल्यावरच. म्हणून घरी ॲस्पिरिन देऊ नका. हार्ट अटॅकमधला सल्ला इथं चालत नाही. पाणीही पाजू नका, गिळता न आल्यानं ते फुफ्फुसात जातं. मालिश, कबुतराचं रक्त यात गेलेला तास परत मिळत नाही. दहा मिनिटांत सगळं आपोआप बरं झालं तरी त्याच दिवशी जायचं. तो इशारा असतो, आणि पुढचे दोन दिवस सगळ्यांत धोक्याचे.

ओतूरहून पुणं शंभर किलोमीटरच्या आसपास, वाटेत आळेफाटा, नारायणगाव आणि चाकणची कोंडी. साडेचार तासांतला अर्धा वेळ रस्त्यातच जातो. कोणत्या दवाखान्यात रात्री सीटी स्कॅन आणि हे इंजेक्शन दोन्ही मिळतं, हे त्या रात्री शोधायचं नसतं. कमिटीनं आजच चार फोन करून माहिती काढावी आणि नंबर जिन्यापाशी लावावेत.

शेवटी सोसायटीकडं एक मागणं आहे. आपल्याकडं लिफ्ट नाही. तिसऱ्या मजल्यावरच्या माणसाला रात्री दोन वाजता खाली कसं आणणार? चादरीत घालून? दोन बाजूंना दांडे असलेली एक मजबूत खुर्ची तळमजल्यावर ठेवा आणि चार तरुणांना ती उतरवायची सवय करून द्या. शेजारी ऑफिसात बीपीचं दंडावरचं मशीन ठेवा. महिन्याच्या पहिल्या रविवारी मेंटेनन्स भरायला याल, तेव्हा पावती फाडण्याआधी पाच मिनिटं तिथं बसा, गप्प.