गॅरेजवाला अर्धं खरं बोलतो

मागच्या कार्यक्रमानंतर आपल्या एका श्रोत्याने विचारलं, "जुना डिझेल पिकअप घेतलाय. गॅरेजवाला म्हणतो, ईजीआर बंद करून टाका, गाडी मोकळी पळेल, धूरही कमी होईल. करू का?" उत्तर आहे, नको. इथे अमेरिकेत क्लीन एअर अ‍ॅक्टप्रमाणे ते बेकायदा आहे. पण त्याचं म्हणणं अर्धं खरं आहे, म्हणून जरा सविस्तर सांगतो.

घरातली समई आठवा. वात फार पुढे काढली की ज्योत मोठी होते आणि काजळी धरते. तेल भरपूर, पण ज्योतीच्या पोटात हवा पुरत नाही. डिझेल इंजिनात हेच होतं, फक्त भलत्या घाईत. तिथे ठिणगी नसते. हवा दाबून तापवायची, तिच्यात बारीक छिद्रांतून डिझेलचे फवारे मारायचे, ते आपोआप पेटतात. मिसळायला वेळ किती? सेकंदाचे काही हजारावे भाग. फवाऱ्याच्या पोटात इंधन जास्त, हवा कमी, तिथे काजळी. कडेला दोघांचं प्रमाण जुळतं, तिथे ज्योत 2000 अंश सेल्सियसच्या वर जाते. मग हवेतला नायट्रोजन, जो एरवी कुणाच्या अध्यात ना मध्यात, तोही ऑक्सिजनशी संयोग पावतो. हे नायट्रोजन ऑक्साइड. उन्हाळ्याच्या उन्हात त्यापासून जमिनीलगतचा ओझोन तयार होतो आणि दम्याच्या मुलांना त्रास होतो.

ईजीआर म्हणजे जळून बाहेर निघालेला थोडा वायू थंड करून पुन्हा इंजिनात घेणं. त्यामुळे ऑक्सिजन कमी, ज्योत थंड, नायट्रोजन ऑक्साइड कमी. पण ऑक्सिजन घटला की काजळी वाढते! म्हणून तो बंद केल्यावर धूर खरंच कमी दिसतो. वाढतं ते न दिसणारं. एक दाबलं की दुसरं वर येतं, या पेचात इंजिनवाले अनेक वर्षं अडकलेत.

सुटायचा मार्ग एकच, पेटण्याआधी नीट मिसळणं. विस्कॉन्सिन विद्यापीठात, मॅडिसनला, प्राध्यापक रॉल्फ राइट्झ यांच्या गटाने दोन इंधनं वापरून पाहिली. पेट्रोल हवेबरोबर आधीच आत घ्यायचं, डिझेल नंतर सिलिंडरमध्ये सोडायचं. पेट्रोल सहजी पेटत नाही, डिझेल पटकन पेटतं, म्हणून दोघांचं प्रमाण बदलून पेट कधी घ्यायचा ते ठरवता येतं. प्रयोगशाळेत काजळी आणि नायट्रोजन ऑक्साइड दोन्ही एकदम खाली आले, शिवाय कार्यक्षमताही वाढली. अडचण अशी की भार जास्त असला की सगळं एकदम पेटतं आणि इंजिन ठोकायला लागतं. भार कमी असला तर थोडं इंधन न जळताच बाहेर जातं. आणि दोन टाक्या भरत बसायला कोण तयार होणार?

मला स्वतःला जास्त आवडते ती कॅलिफोर्नियातल्या लिव्हरमोरची, सँडिया प्रयोगशाळेची युक्ती. चार्ल्स म्युलर यांना ती बुन्सन बर्नरवरून सुचली. शाळेच्या प्रयोगशाळेतला बर्नर आठवतो ना? खालचं भोक बंद असलं की पिवळी, काजळीची ज्योत. उघडलं की हवा नळीतच गॅसमध्ये मिसळते आणि ज्योत निळी होते. म्युलर यांनी इंजेक्टरच्या प्रत्येक छिद्रासमोर, थोडं अंतर सोडून, एक इवलीशी धातूची नळी बसवली. फवारा तिच्यातून जाताना हवा ओढून घेतो आणि पेटण्याआधी चांगला मिसळतो. काजळीच फार कमी होते, म्हणून ईजीआर खुशाल वाढवता येतो. पेचाची गाठ तिथे सैल होते. पण हे अजून प्रयोगशाळेतून रस्त्यावर यायचं आहे. तोवर काजळीला फिल्टर आणि नायट्रोजन ऑक्साइडला युरियाचं द्रावण, म्हणजे पंपावर निळ्या झाकणात ओतता ते डीईएफ, यांवरच भिस्त.

तेव्हा श्रोते मित्रा, ईजीआर बंद करू नका, झडप काढून साफ करून घ्या. ती काजळीने चोंदते, आणि तुम्हाला गाडी जड वाटते ती बहुधा त्यानेच. मुलांना शाळेत सोडणं आणि दुकान, एवढाच फेरा असेल तर धूर पुरेसा तापत नाही आणि फिल्टरही भरत जातो. अधूनमधून हायवेवर अर्धा तास सलग चालवा, म्हणजे साठलेली काजळी आतल्या आत जळून जाईल. तरी दिवा लागला तर दुसरा गॅरेजवाला बघा.