रविवारचं श्रमदान
(स्नेहमेळाव्यातील भाषण)



संयोजकांनी मला ‘सध्या काय करतेस’ यावर दहा मिनिटं बोलायला सांगितलं आहे. नोकरीत काय करते ते सांगू लागले तर जेवणानंतरच्या या वेळेला तुम्ही पेंगायला लागाल. म्हणून रविवारी काय करते ते सांगते. त्यात मला तुमची गरज आहे.

तुमच्यापैकी काही जण लिब्रेऑफिस वापरत असतील. पत्र लिहायला, हिशेब मांडायला मोफत मिळणारं हे सॉफ्टवेअर. २०१० साली ओपनऑफिसमधल्या काही मंडळींनी वेगळं होऊन ते सुरू केलं. त्याचा कोड कुणालाही वाचता येतो आणि दुरुस्तीही सुचवता येते. गावच्या विहिरीसारखंच हे. पाणी सगळे भरतात, गाळ काढायला मात्र मोजकेच उतरतात. तो गाळ काढायला आम्ही काही जण पुण्यात अधूनमधून शनिवार-रविवार एकत्र बसतो. याला स्प्रिंट म्हणतात.

हॅकेथॉन म्हटलं की आता बक्षीस आणि परीक्षक डोळ्यांसमोर येतात. पण १९९९ मध्ये ओपनबीएसडी या प्रकल्पाचे दहा जण कॅनडातल्या कॅलगरीला जमले आणि त्या बैठकीला त्यांनी हॅकेथॉन म्हटलं, तेव्हा कुणी कुणाशी स्पर्धा करत नव्हतं. शेजारी बसून काम उरकायचं, एवढंच होतं. आमचंही तसंच.

स्प्रिंट दोन दिवसांचा, पण खरं काम आधीच्या तीन आठवड्यांतलं. लिब्रेऑफिसचा कोड पहिल्यांदा साध्या लॅपटॉपवर बांधायला तासन् तास लागतात. ते त्या दिवशी करत बसलो तर नवीन मुलं फक्त स्क्रीनकडे बघून घरी जातील. म्हणून ते आधीच करून घेतो. प्रकल्पाच्या तक्रारवहीत नवशिक्यांना जमतील अशा कामांवर ‘ईझीहॅक’ अशी खूण असते. त्यातली कामं निवडायची, चूक अजून तशीच आहे का ते पडताळायचं, दुसरं कुणी त्यावर बसलेलं नाही ना ते पाहायचं. प्रकल्पातल्या जाणकारांना आधी विचारायचं, की त्या दोन दिवसांत प्रश्नांना उत्तरं कोण देईल? मग एक्स्टेन्शन बोर्ड, इंटरनेटची दुसरी जोडणी आणि चहा. माणसं वीसच घेतो, कारण प्रत्येक नवीन मुलाशेजारी एक अनुभवी माणूस बसला पाहिजे.

ही शेजारची खुर्ची मला सगळ्यात महत्त्वाची वाटते. तालुक्याच्या गावातून आलेल्या मुलांना सी प्लस प्लसची भीती कमी असते. परदेशातल्या अनोळखी माणसाला इंग्रजीत प्रश्न विचारायची भीती जास्त. आपण मराठी माध्यमातले, आपल्याला ती भीती वेगळी समजावून सांगायला नको. शेजारचा म्हणतो, ‘तीन वाक्यांत लिही. काय केलंस, काय व्हायला हवं होतं, काय झालं.’ आपल्या प्रयोगवहीतली कृती, निरीक्षण आणि अनुमानच की हे!

किती दुरुस्त्या पाठवल्या, याची पाटी आम्ही लावत नाही. २०२० च्या हॅक्टोबरफेस्टमध्ये चार दुरुस्त्यांवर टी-शर्ट होता. टी-शर्टासाठी लोकांनी माहितीच्या पानावर नुसता ‘छान प्रकल्प’ असा मजकूर घालून त्या ‘दुरुस्त्या’ म्हणून पाठवल्या. त्या निस्तरता निस्तरता प्रकल्प सांभाळणारे वैतागले आणि आयोजकांना महिना सुरू असतानाच नियम बदलावे लागले. आपण पाठवलेली प्रत्येक ओळ तिकडे कुणीतरी आपला वेळ खर्चून वाचतं. त्या माणसाचं काम वाढवलं, तर ते श्रमदान कसलं?

म्हणूनच रविवारी संध्याकाळी स्प्रिंट संपत नाही. तपासणारे शेरा देतात, ‘चाचणी जोडा’, ‘हे नाव बदला’. तोवर मुलाची परीक्षा आलेली असते आणि दुरुस्ती तशीच लटकते. पुढचा महिनाभर आम्ही बुधवारी रात्री तासभर ऑनलाइन बसतो आणि अडकलेलं एकेक काम पुढे सरकवतो. गेल्या वेळी पॉलिटेक्निकच्या एका मुलीची दोन ओळींची दुरुस्ती पाचव्या आठवड्यात स्वीकारली गेली. पुढच्या स्प्रिंटला ती दुसऱ्या कुणाच्या तरी शेजारच्या खुर्चीवर बसली होती. आमचा हिशेब एवढाच.

आता तुमच्याकडे वळते, विशेषतः मराठीच्या बाईंकडे. ‘दर्या’ आणि ‘दऱ्या’ यांतला फरक बर्लिनमधल्या प्रोग्रामरला दिसणार नाही. बाईंना तो खोलीच्या दुसऱ्या टोकावरून दिसेल. हजेरीपटात कासार आधी आणि काळे नंतर, कारण आपल्या वर्णमालेत ‘ळ’ हा ‘ह’च्या पुढे येतो. युनिकोडच्या तक्त्यात मात्र तो ‘ल’ला लागून बसला आहे. नुसत्या त्या क्रमांकांवर नावं लावणारा प्रोग्राम काळेला आधी हाक मारेल. अशा चुका शोधायला कोड यावा लागत नाही, भाषा यावी लागते. शिवाय कुणी नोंदवलेली तक्रार आपल्या संगणकावरही तशीच घडते का, हे करून पाहणारी माणसं नेहमीच कमी पडतात. त्यासाठी निवांतपणा आणि चिकाटी पुरते. निवृत्त शिक्षकांइतकी ती कुणाकडे असणार?

म्हणून माझी विनंती अशी. दिवाळीच्या सुट्टीत शाळेची संगणक खोली आम्हाला दोन दिवस द्यावी. वर्गमित्रांपैकी जे या क्षेत्रात आहेत त्यांनी शेजारच्या खुर्चीवर बसावं, बाकीच्यांनी तपासणीला यावं. जेवणाचं कुणी अंगावर घेतलं तर उत्तमच. सर, बाई, ‘आम्हाला संगणक येत नाही’ हे मी तुमच्याकडून ऐकून घेणार नाही. ‘येत नाही’ हे उत्तर तुम्ही आमच्याकडून कधी ऐकून घेतलं होतं?

चहाच्या वेळी मी दाराशी वही घेऊन उभी असेन. नावं द्या.