कुंपणाची नोटीस

वाशीतल्या रो-हाऊसपुढच्या कुंपणाच्या भिंतीबद्दल कुणी तक्रार केली, तर महानगरपालिकेची नोटीस येऊ शकते. १९६६ च्या नगररचना कायद्याच्या कलम ५३ खाली. घाबरू नका, पण ती कपाटातही टाकू नका. आधी टेप लावून भिंत मोजा. राज्याच्या २०२० च्या एकत्रित नियमावलीत पुढच्या रस्त्याच्या मध्यरेषेपासून दीड मीटर उंची चालते. वरचा ९० सेंटिमीटर भाग जाळीचा असेल, तर २.४ मीटर. कोपऱ्यावरच्या भूखंडाला मात्र वळणालगत दहा मीटरपर्यंत पक्की भिंत ७५ सेंटिमीटरच, वर रेलिंग. हा नियम मला अगदी पटतो: वळणाऱ्या रिक्षावाल्याला पलीकडून धावत येणारं मूल दिसलंच पाहिजे. भिंत नियमात बसत असेल, तर नोटिशीच्या मुदतीतच कलम ४४ खाली परवानगीचा अर्ज करा आणि शिक्क्याची पोच घ्या.