नॅशव्हिलची तालीम आणि आपण
(गोंदिया येथील कार्यकर्त्यांच्या अभ्यासवर्गात केलेल्या भाषणाचा मजकूर)



अमेरिकेतील नागरी हक्कांचा लढा आणि व्हिएतनाम युद्धाविरुद्धची चळवळ यांचा उल्लेख आपल्या व्यासपीठांवरून वारंवार होतो. तो बहुधा १९६३ च्या वॉशिंग्टन मोर्चाचा आणि मार्टिन ल्यूथर किंग यांच्या वक्तृत्वाचा असतो. नुसत्या वक्तृत्वाने समाज बदलत असता, तर आपल्या पक्षाने हे काम केव्हाच उरकले असते! मला बोलावयाचे आहे ते त्या लढ्यामागील तयारीविषयी. त्या तयारीचा एक धागा आपल्या नागपुरातून गेलेला आहे.

जेम्स लॉसन हे १९२८ साली जन्मलेले कृष्णवर्णीय अमेरिकन. कोरियाच्या युद्धाच्या वेळी त्यांनी सक्तीची लष्करभरती नाकारली. विद्यार्थी म्हणून वा धर्मोपदेशक म्हणून त्यांना सवलत मिळण्याजोगी होती. ती त्यांनी मागितली नाही. १९५१ साली शिक्षा झाली आणि १३ महिने त्यांनी तुरुंगात काढले. सुटकेनंतर १९५३ मध्ये मेथॉडिस्ट मिशनतर्फे ते नागपूरच्या हिस्लॉप महाविद्यालयात आले. विद्यार्थ्यांना खेळ शिकविणे हे त्यांचे एक काम. सत्याग्रहाचा अभ्यास हा अंतरीचा हेतू. डिसेंबर १९५५ मध्ये ‘नागपूर टाइम्स’मध्ये त्यांनी माँटगोमेरीतील बस-बहिष्काराची बातमी वाचली. पुढील वर्षी ते मायदेशी परतले. १९५७ मध्ये किंग यांची गाठ पडली, तेव्हा किंग यांनी त्यांना विनाविलंब दक्षिणेत येण्याचा आग्रह केला.

लॉसन नॅशव्हिलला गेले आणि त्यांनी वर्ग सुरू केले. या वर्गांत केवळ व्याख्याने होत नसत. काही विद्यार्थ्यांनी गोऱ्या गुंडांची भूमिका घ्यावयाची, शिव्या द्यावयाच्या, खुर्चीवरून ढकलावयाचे. इतरांनी हात न उगारता, जागा न सोडता बसून राहावयाचे. असे महिनोन्‌महिने चालले. डायेन नॅश, जॉन लुईस ही मंडळी या तालमीतून निघाली. फेब्रुवारी १९६० मध्ये हे विद्यार्थी दुकानांतील केवळ गोऱ्यांसाठी राखलेल्या उपाहार-मेजांवर जाऊन बसले. मार पडला, अटका झाल्या. एक फळी गेली की दुसरी येऊन बसे. लॉसन यांना व्हँडरबिल्ट विद्यापीठाने काढून टाकले. (त्याच विद्यापीठाने २००६ साली त्यांना सन्मानाने अध्यापनासाठी बोलाविले. विद्यापीठांना शहाणपण येण्यास ४६ वर्षे लागतात, हे माझ्यासारख्या निवृत्त प्राध्यापकास नवल वाटण्याजोगे नाही.)

मी अर्थशास्त्राचा विद्यार्थी असल्यामुळे यातील दुसरी बाजू मला अधिक महत्त्वाची वाटते. माँटगोमेरीच्या बसमधील बहुसंख्य उतारू कृष्णवर्णीय होते. ते ३८१ दिवस पायी चालले आणि बस कंपनीचे उत्पन्न कोसळले. नॅशव्हिलमध्ये ईस्टरच्या ऐन हंगामात कृष्णवर्णीय ग्राहकांनी दुकानांकडे पाठ फिरविली. १० मे १९६० रोजी उपाहार-मेजे सर्वांना खुली झाली. दुकानदाराचे हृदयपरिवर्तन झाले की गल्ल्याचे, हा वाद मी तुमच्यावर सोपवितो. पण आपली क्रयशक्ती कोठे आहे आणि ती केव्हा काढून घ्यावयाची, हा हिशेब त्या विशीतील मुलांनी अचूक केला होता.

आता युद्धाचा प्रश्न. लॉसन यांच्या दृष्टीने लष्करभरती नाकारणे आणि वर्णभेदाशी लढणे ही दोन कामे नव्हतीच. १९६५ मध्ये ते शांततेच्या शिष्टमंडळातून व्हिएतनामला जाऊन आले. किंग यांनी ४ एप्रिल १९६७ रोजी न्यूयॉर्कमध्ये युद्धाचा उघड धिक्कार केला, तेव्हा चळवळीतील अनेकांनीच त्यांना दूषणे दिली: हक्कांच्या प्रश्नात युद्ध कशाला आणता? किंग यांचा हिशेब सरळ होता. गरिबी हटविण्याच्या कार्यक्रमांसाठी लागणारा पैसा युद्ध गिळत होते आणि लढावयास पाठविली जात होती ती गरिबांची मुले. पुढील फेब्रुवारीत मेम्फिस येथे पावसापासून आडोसा घेणारे दोन सफाई कामगार कचऱ्याच्या गाडीच्या यंत्रात चिरडून मेले. सुमारे १,३०० कामगारांनी संप केला. त्यांच्या हाती फलक होते – ‘मी माणूस आहे’. संपाला पाठबळ देणाऱ्या समितीचे प्रमुख लॉसन होते आणि किंग यांना तेथे त्यांनीच बोलाविले. ४ एप्रिल १९६८ रोजी तेथेच किंग यांची हत्या झाली.

आपल्या परंपरेचाही या लढ्याशी संबंध आहे. मे १९६४ मध्ये डॉ. राममनोहर लोहियांना मिसिसिपी राज्यातील जॅक्सन येथे गोऱ्यांच्या उपाहारगृहातून निघून जाण्यास नकार दिल्याबद्दल अटक झाली. ही गोष्ट आपण अभिमानाने सांगतो, आणि सांगावीही. परंतु तिच्या दहा वर्षे आधीची घरची गोष्ट आपण सांगत नाही. लॉसन नागपुरात होते त्याच काळात, १९५४ साली, भंडाऱ्याची लोकसभा पोटनिवडणूक झाली. गोंदिया तेव्हा भंडारा जिल्ह्यातच होते. मतदारसंघ दोन जागांचा, मतदाराला मते दोन. सर्वसाधारण जागेवर प्रजासमाजवादी पक्षाचे अशोक मेहता, राखीव जागेवर त्यांच्या जोडीला डॉ. बाबासाहेब आंबेडकर. मेहता निवडून आले, बाबासाहेब पडले. मेहतांना मत देणाऱ्या सर्वांनीच दुसरे मत बाबासाहेबांना दिले असते, तर हे घडते ना. ते दुसरे मत कोठे गेले, या प्रश्नाचे उत्तर मिसिसिपीत सापडावयाचे नाही. ते आपल्या गावांत शोधावे लागेल.

उद्याच्या सत्रात विडी कामगारांच्या मजुरीचा विषय आहे. हजार विड्यांमागे मजुरी. त्यातून ठेकेदार माल खराब म्हणून काढतो तो वेगळाच. माझी विनंती आहे की ठराव लिहिण्यापूर्वी एक तास बाजूला काढावा. एका साथीने ठेकेदार व्हावे, दुसऱ्याने विडी वळणारी बाई व्हावे. तिने काय म्हणावयाचे, तिला जातीवरून शिवी आली तर शेजारी बसलेल्या दहाजणींनी काय करावयाचे, हे करून पाहावे. ठराव मागाहून लिहिता येईल.