गोठ्यात आणलेल्या शेळीचे देणे

पशुवैद्यक मित्रहो आणि पहाटे गोठ्यातली कामे उरकून एसटीने इथवर आलेल्या शेळीपालक बंधू-भगिनींनो,

प्रवरेकाठच्या संगमनेरात परिषदेच्या स्वागत समितीच्या वतीने मी आपले मनःपूर्वक स्वागत करतो. ज्या गावाचे नाव शेळीच्या जातीला मिळाले, तिथे आपण जमलात, याचा आम्हाला अभिमान वाटतो.

आमच्या अहिल्यानगर जिल्ह्यातल्या राळेगणसिद्धी आणि हिवरे बाजार या गावांनी कुऱ्हाडबंदीसोबत चराईबंदी पाळली. डोंगर हिरवे झाले, विहिरींना पाणी आले. त्यासाठी शेळीपालकांनीही आपली राने सोडली, हे विसरता कामा नये. पुढे ठिकठिकाणी गायराने आक्रसली, राखायला माणूस मिळेना, आणि शेळी गोठ्यात आली. ती आपल्या सोयीसाठी आत आली आहे. रानात जे ती स्वतः मिळवत होती, ते आता आपण तिला देणे लागतो. ते न देता तिचे वजन वाढावे, ही अपेक्षा चुकीची आहे.

रानात शेळी नाना झाडांचा पाला निवडून खाते. मागच्या पायांवर उभी राहून बोरीचा शेंडा ओढते, उंच दगडावर जाऊन बसते, ओल टाळते. गोठ्यात आपण तिच्यापुढे जमिनीवर कुट्टी टाकतो आणि वर ती नासाडी करते म्हणतो. पायाखाली आलेला, लेंड्या-मूत लागलेला चारा शेळी तोंडात घेत नाही, हा तिचा स्वभावच आहे. त्याऐवजी शेवरी-सुबाभळीच्या पाल्याची पेंडी बांधून तिच्या डोक्याच्या वर टांगा. थोड्या वेळात नुसत्या काड्या उरतात. मात्र सुबाभळीत मिमोसिन हे विषारी द्रव्य असते, म्हणून एकट्या तिच्यावर भागवू नका. तुरीचे, हरभऱ्याचे भुसकट जोडीला हवेच.

जागेबद्दल मला ठासून बोलायचे आहे. मोठ्या शेळीला छपराखाली किमान 10 चौरस फूट आणि बाहेर त्याच्या दुप्पट मोकळी जागा, हा हिशेब सगळ्यांना माहीत आहे. तरी शेळ्या वाढत जातात, गोठा तेवढाच राहतो. मग शिंगाळी दांडगी शेळी गव्हाण अडवते आणि गाभण शेळी मागे राहते. पहाटे गोठा उघडताच आत जा आणि करडाच्या उंचीला खाली बसा. डोळे चुरचुरले, नाकात झोंबले, तर करडांनी रात्रभर तोच अमोनिया ओढला आहे, हे समजा. उभ्या माणसाला तो तितका जाणवत नाही. खोकला, न्यूमोनिया तिथूनच सुरू होतो. ओल राहिली की रक्ती हगवणही करडांना गाठते.

जन्मल्यावर तासाभरात चीक, पीपीआर आणि आंत्रविषाराची लस, यांवर तज्ज्ञ सविस्तर बोलतीलच. खुरांचा विषय मात्र नेहमी राहून जातो. रानात ते दगडावर झिजायचे. गोठ्यात वाढून वाकडे होतात आणि लंगडी शेळी गव्हाणीशी उशिरा पोहोचते. दीड-दोन महिन्यांनी खूर कापा. आणि बकरी ईदच्या बाजारासाठी बोकड नुसत्या धान्यावर वाढवण्याचा मोह आवरा. धान्याच्या अतिरेकाने पोटात आम्ल वाढते, मूतखडा होऊन लघवी तुंबते आणि बाजार आठवड्यावर आलेला असताना तयार जनावर हातचे जाते.

शेळ्यांचे बहुतेक सारे काम घरातल्या बायका करतात आणि परिषदांत बोलतात पुरुष. म्हणून प्रत्येक सत्रातला पहिला प्रश्न आम्ही भगिनींसाठी राखून ठेवला आहे. त्यांनी तो हक्काने विचारावा.

व्यवस्थेत काही उणे राहिले तर पदरात घ्या. गावी परतल्यावर प्रत्येक करडाचे वजन दर महिन्याला वहीत लिहायला लागा आणि पुढच्या परिषदेला ती वही सोबत आणा, एवढी माझी विनंती आहे.