यादीत नाव नसलेल्यांचा विश्वचषक

आज कर्ज, हप्ता, व्याज यातलं काही बोलणार नाही. आज फुटबॉलवर बोलायचं आहे. हसू नका, आधी ऐका.

गेल्या हिवाळ्यात आमच्या गटातल्या बायांनी मिळून स्वेटर घेतले. दरवर्षी थंडी पडली की तालुक्याच्या गावी तिबेटी बाया दुकानं लावतात, तिथूनच. गटाचे पैसे म्हणजे पावती हवीच. मी त्या ताईंना म्हटलं, "तुमचं नाव, गाव सांगा, लिहून घेते." नाव त्यांनी पटकन सांगितलं. गाव विचारल्यावर मात्र थांबल्या. म्हणाल्या, "तिबेट लिहा." मग स्वतःच म्हणाल्या, "नको, गोठणगाव लिहा." आपल्या गोंदिया जिल्ह्यात अर्जुनी मोरगाव तालुक्यात गोठणगावला तिबेटी लोकांची वसाहत आहे, ते तुम्हाला ठाऊकच असेल. पावती झाल्यावर त्यांनी मोबाइलवर फुटबॉलचा एक सामना दाखवला. मैदानावर पोरं होती आणि हातात झेंडे घेऊन माणसं ओरडत होती. "आमची टीम," त्या म्हणाल्या. "लंडनला गेली होती."

मी बीए झाले आहे, भूगोल माझा विषय होता. तिबेटची फुटबॉल टीम असते हे मला माहीत नव्हतं. मग शोधलं, वाचलं. ते तुम्हाला सांगते.

टीव्हीवर जो फुटबॉलचा मोठा विश्वचषक दिसतो, तो फिफा नावाची संघटना भरवते. तिचे २११ सभासद आहेत. त्या यादीत नाव नसेल तर तुम्ही कितीही चांगले खेळा, त्या स्पर्धेचं दार तुमच्यासाठी उघडत नाही. आणि जगात असे लोक पुष्कळ आहेत. कुणाचा देश दुसऱ्यांनी घेतला, कुणी चार देशांत विखुरले, कुणी स्वतःला देश म्हणतात पण बाकीचे मानत नाहीत. अशांसाठी २०१३ मध्ये कोनिफा नावाची संघटना निघाली. ती स्वयंसेवकांवर चालते. पहिला विश्वचषक २०१४ साली स्वीडनमध्ये झाला. यजमान होते सामी लोक. हे उत्तरेकडच्या बर्फाळ मुलखातले मूळ रहिवासी, रेनडिअर पाळणारे. नॉर्वे, स्वीडन, फिनलंड आणि रशिया अशा चार देशांत त्यांची वस्ती वाटली गेली आहे. त्यांच्या संघाचं नाव सापमी.

२०१८ चा विश्वचषक लंडनमध्ये झाला. पण यजमान लंडन नव्हतं बरं का. यजमान होतं बरावा, म्हणजे आफ्रिकेतल्या सोमालियाच्या किनाऱ्यावरचं एक जुनं गाव. तिथे यादवी माजली, माणसं पळाली, त्यातली बरीच लंडनला जाऊन राहिली. त्यांच्याकडे गाव राहिलं नाही, मैदान तर नाहीच. म्हणून ते जिथे आहेत तिथेच त्यांनी पाहुणे बोलावले. सोळा संघ आले. लंडनच्या आसपासच्या छोट्या क्लबांची मैदानं घेतली होती. झिम्बाब्वेतल्या माताबेलेलँडच्या पोरांच्या प्रवासासाठी लोकांकडून वर्गणी गोळा करावी लागली. वर्गणीचं गणित आपल्याला कुणी समजावून सांगायला नको!

तिबेटचा संघही त्यात होता. गटातले तिन्ही सामने हरला. त्यांच्यासाठी तिथवर पोचणं हेच मोठं. भारतात राहणाऱ्या बऱ्याच तिबेटी लोकांकडे पासपोर्ट नसतो, ओळखीचं वेगळं पुस्तक असतं. ते दाखवून व्हिसा मागायचा. २०१७ मध्ये तिबेटी मुलींच्या संघाला अमेरिकेत एका स्पर्धेला जायचं होतं. दिल्लीतल्या वकिलातीने व्हिसा नाकारला. मुली सराव करून तयार होत्या, पण जाता आलं नाही. आधार कार्डावर एका अक्षराची चूक असली तर बँकेत किती खेटे घालावे लागतात ते तुम्हीच मला सांगता. इथे तर देशाचं नावच अडलेलं.

सगळ्यात जास्त जीव अडकला तो चागोसच्या गोष्टीत. हिंद महासागरातली ही बेटं. अमेरिकेला तिथे लष्करी तळ हवा होता, म्हणून १९६८ ते १९७३ या काळात ब्रिटिशांनी तिथली सगळी माणसं बोटीत घालून मॉरिशस आणि सेशेल्सला नेऊन सोडली. धरणात गाव गेलेल्या बायांना हे वेगळं सांगायला नको. पुढे त्यातले काही इंग्लंडमध्ये क्रॉली या गावी आले. त्यांच्या मुला-नातवंडांनी संघ केला. २०१६ च्या विश्वचषकात त्यांनी एका सामन्यात ९ आणि दुसऱ्यात १२ गोल खाल्ले. तरी खेळले. ज्या बेटांवर त्यांना राहता येत नाही, त्यांचं नाव अंगातल्या सदऱ्यावर होतं.

आता दुसरी बाजूही सांगते, नाहीतर सगळंच गोड वाटेल. २०१६ चा तो विश्वचषक अबखाझियात झाला. अबखाझिया स्वतःला देश म्हणवतो, रशियासारखे मोजकेच देश ते मानतात. पण १९९२-९३ च्या लढाईत तिथून हजारो जॉर्जियन कुटुंबांना हाकलून दिलं गेलं, तीही माणसंच. मग यजमान कोण आणि बेघर कोण? फुटबॉल खेळल्याने हा प्रश्न सुटत नाही. २०१८ चा चषक कारपाताल्याने जिंकला, म्हणजे युक्रेनमध्ये राहणाऱ्या हंगेरियन लोकांच्या संघाने. अंतिम सामन्यात गोल झालाच नाही, पेनल्टीवर ३-२ असा निकाल लागला. युक्रेन सरकारला ते मुळीच आवडलं नाही. कोनिफा म्हणते आम्ही राजकारणात नाही. मला वाटतं, असं म्हणून राजकारण काही बाहेर राहत नाही. तरी माणसांना आपल्या नावाने खेळू द्यावं, एवढं मला पटतं.

आणि बाया? त्यांचा विश्वचषक यायला २०२२ उजाडलं. पुरुषांचा सुरू होऊन आठ वर्षं झाल्यावर! पण तो झाला आपल्याच देशात, हिमाचल प्रदेशात, आणि यजमान होत्या तिबेटच्या मुली. संघ फार थोडे आले. चषक सापमीच्या मुलींनी नेला. तिबेटच्या मुली हरल्या. पण या वेळी कुणाकडे व्हिसा मागावा लागला नाही, पाहुण्याच त्यांच्या दारी आल्या.

थंडी सुरू झाली की त्या स्वेटरवाल्या ताई पुन्हा येतील. यंदा पावतीवर दोन्ही गावं लिहीन म्हणते, रकाना छोटा असला तरी. तुम्ही खरेदीला गेलात तर त्यांना सामन्याचं विचारा, मोबाइल लगेच काढतात.

पुढच्या भागात भेटू. नमस्कार.