गाडीला नवं लुगडं नेसवण्याआधी

कुणी चुलीपाशी असाल, कुणी गोठ्यात, कुणी गटाच्या बैठकीत रेडिओ मधे ठेवून बसला असाल, सगळ्यांना नमस्कार. आज मी आमच्या गटाच्या गाडीची गोष्ट सांगणार आहे. गाडी नसलेल्यांनीही ऐका, कारण गोष्ट पैशांची आहे आणि थोडी मनाचीही.

आमच्या गटाकडे एक मालवाहू व्हॅन आहे. पांढरी, आठ वर्षांची, जुनीच घेतलेली. त्याआधी आमच्या मावश्या पापड-कुरडयांच्या पाट्या एसटीत चढवून आठवडी बाजाराला न्यायच्या. आता गटातलीच एक ताई व्हॅन चालवते. नवरा गेल्यावर हट्टानं शिकली, लायसन काढलं, आणि आज तीन गावांचे बाजार तिच्या भरवशावर होतात.

दिवाळीनंतरच्या बैठकीत ही ताई म्हणाली, "गाडीला रॅप करून घेऊ या." कुणालाच कळेना. रॅप म्हणजे विनाइलची पातळ, चिकट फिल्म. गरम हवा देत देत ती गाडीच्या पत्र्यावर ताणून बसवतात. मूळ रंग खाली राहतो, वर हवा तो रंग, हवं ते चित्र. शहरातल्या दुकानानं पूर्ण गाडीचे 45,000 रुपये सांगितले होते. गटाच्या खात्यात होते 60,000.

झालं, बैठकीत दोन तट पडले. तरुण मुली म्हणाल्या, गाडी उठून दिसेल, माल खपेल. एक मावशी म्हणाल्या, "गाडी नटवल्यानं पापड कुरकुरीत होतात का गं?" सगळ्या हसल्या. ताई मात्र हसली नाही. शेवटी सगळ्यांनी माझ्याकडे बघितलं. तू शिकलेली, तूच सांग. मी म्हटलं, मलाही यातलं कळत नाही. पंधरा दिवस द्या, आपण चौकशी करू.

पहिल्यांदा आम्ही दोघी-तिघी गावातल्या गॅरेजवर गेलो. मिस्त्रींनी दाराच्या खालच्या कडेला बोट लावलं, तर रंगाचा पोपडाच हातात आला. आत गंज. मग त्यांनी लोहचुंबक फिरवून दाखवलं. मागच्या बाजूला एका ठिकाणी चुंबक धरेचना. तिथं पूर्वी ठोकर बसून पुट्टी भरलेली होती. मिस्त्री म्हणाले, "ताई, फिल्म पत्र्याला चिकटत नाही, रंगाला चिकटते. रंगच सुटा असेल तर फिल्म काय धरणार?" आणि गंज फिल्मखाली थांबत नाही, वाढतच जातो. वरून गाडी नवी दिसते, आतून पत्रा खातो, आणि आपल्याला दिसतही नाही.

मग शहरातल्या दुकानात गेलो. तिथल्या माणसानंही खरं ते सांगितलं. फिल्म दोन जातीची असते. स्वस्त फिल्म जाड असते, वळणावर आणि कडेला लवकर आकसते. महाग फिल्म पातळ, पण जास्त टिकते. आपल्या उन्हात कायम उघड्यावर उभी राहणारी गाडी असेल तर तीन ते पाच वर्षं धरून चालावं. त्यानंतर ती काढावी लागते. वेळेत काढली तर नीट निघते, फार दिवस ठेवली तर डिंक पत्र्यावर राहतो. आणि जिथं पूर्वी हलका रंग मारलेला असेल, तिथं फिल्मबरोबर रंगही सोलून येऊ शकतो. काढायचा खर्च वेगळा.

तिसरी चौकशी कागदांची. गाडीचा रंग आरसी बुकात लिहिलेला असतो. पांढरी गाडी रॅप करून हिरवी केली, तर कागदावर एक आणि रस्त्यावर दुसरंच. म्हणून पूर्ण रंग बदलण्याआधी आरटीओ कार्यालयात विचारा, आणि परवानगी मिळाली तर आरसीत नोंद करून घ्या. मालवाहू गाडीवर नाव किंवा जाहिरात लावायची असेल तर त्याचंही तिथंच विचारा. विमा कंपनीला कळवा. काचांवर काळी फिल्म लावून घेऊ नका, 2012 साली सर्वोच्च न्यायालयानं त्याला मनाई केली आहे.

चौथा हिशोब आम्ही पाटीवर मांडला. 45,000 रुपये गटातच कर्जाऊ फिरवले, महिना एक टक्क्यानं, तर महिन्याला 450 रुपये व्याज. तीन वर्षांत 16,200, आणि मुद्दल जागेवर. रॅपवर घातले तर तीन वर्षांनी मुद्दलही नाही, आणि फिल्म काढायचा खर्च समोर.

रॅप वाईटच, असं मी म्हणत नाही. गाडी नवी आहे, मूळ रंग शाबूत आहे, तो दगड-ओरखड्यांपासून जपायचा आहे, रात्री शेडमध्ये उभी राहते, तर रॅपचा उपयोग आहे. गाडी विकताना फिल्म काढली की खालचा रंग चांगला राहिलेला असतो. आमची गाडी तशी नव्हती, एवढंच.

हिशोब संपला, तरी ताई गप्पच. परत येताना गाडीतच मी विचारलं, "तुला खरं काय वाटतं गं?" तेव्हा ती बोलली. बाजारात एका व्यापाऱ्यानं चारचौघांत म्हटलं होतं, "बाई, हे भंगार माझ्या दुकानासमोर लावू नका." ती म्हणाली, "गाडीला नाही, मला म्हटलं ते." मैत्रिणींनो, पंधरा दिवस आम्ही फिल्मची चौकशी करत होतो, आणि मूळ दुखणं कुणी विचारलंच नव्हतं.

पुढच्या बैठकीत तिनं हे सगळ्यांना सांगितलं. मावशी उठल्या आणि तिच्याजवळ जाऊन बसल्या. मग निर्णय दहा मिनिटांत झाला. गंज कापून पत्रा जोडला, खालच्या बाजूला तोच पांढरा रंग मारला, त्याचे 14,000. आरटीओत विचारून दोन्ही दारांवर आणि मागे गटाचं नाव लावलं, फक्त तेवढ्याच जागी विनाइल, त्याचे 3,200. नावाखाली ओळ मावशींनीच सुचवली : "गाडी आमची, चालवणारीही आमची." उरलेले पैसे जूनमध्ये बियाण्यासाठी दोघींना कर्ज म्हणून दिले.

तुमच्यापुढे असा प्रश्न आला तर आधी पत्रा बघा, मग कागद, मग हिशोबाची वही. आणि मागणारीला एकदा विचारा, हे तुला कशासाठी हवंय? उत्तर कधी कधी गाडीत नसतं.

आता आमची ताई त्याच दुकानासमोरून गाडी नेते. जरा हळूच नेते, नाव वाचता यावं म्हणून!